मंगलाष्टकांवरचा घुमारा

भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, त्या संध्याकाळी तिचा फोन माझ्या मोबाइलवर वाजत राहिला आणि मी तो उचलला नाही. मग तिने माझ्या नवऱ्याला फोन केला. त्यांनी बोलता बोलता तो सरळ माझ्या हातात दिला, तेव्हा बोलावंच लागलं.

"फुई, लगन ठरनं मन्हं! मंगलाष्टकं तूच म्हनशी बरं!"

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. माहेरच्या कुठल्याही लग्नात मंगलाष्टकं म्हणायची ती याच फुईने, हे कळसाडीत, माझ्या माहेरगावी, कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. नुसती म्हणायची नाहीत, रचायचीही. मुलीचं गाव, मुलाचं गाव, दोघांची आजोळं, सगळं वृत्तात बसवून. मी शहाद्याच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे रचायचं काम जड जात नाही. आणि गळा होता. खोटं कशाला बोलू, फार चांगला गळा होता आणि मला त्याचा गर्व होता. अंतरपाट धरला की मी माइक न घेता सुरुवात करायचे, आणि मांडवाच्या पार शेवटी पंगतीची ताटं मांडणारी माणसंही हात थांबवून ऐकायची.

भाचीचा फोन आला तेव्हा तो गळा राहिलेला नव्हता. थायरॉइडची गाठ निघाली होती, ती काढून वर्ष व्हायला आलं होतं. काही दिवस आवाज बसेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कुणाकुणाचा पूर्ण परत येत नाही, हेही सांगितलं होतं. पण ते वाक्य मी दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून ऐकलं. माझा परत आला नाही. जो उरला तो खरखरीत, त्यात निम्मा वारा. थोडा वर न्यायला गेलं की तो मधेच तुटायचा, आणि तुटलेल्या जागी नुसता श्वास ऐकू यायचा. गॅस एजन्सीत फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणायचा, "हां भाऊ, बोला." वर्गात कविता मी मुलींकडून म्हणून घ्यायला लागले. "ऐकायची सवय लागली पाहिजे तुम्हाला," असं वर त्यांनाच सांगायचे.

भाचीला मी म्हटलं, "म्हणेन की. पण या वेळी रेकॉर्ड करून देते, म्युझिक घालून. आता सगळीकडे तसंच करतात."

"तुन्हा आवाज आसा का येस?" तिने विचारलं.

"सर्दी झालीय," मी म्हटलं आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेले.

माझी मुलगी पुण्याला शिकते. तिचा जुना लॅपटॉप आणि एक बऱ्यापैकी माइक घरी पडून होता. लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करायचं फुकटातलं एक सॉफ्टवेअर तिने कधीतरी टाकून ठेवलं होतं. मी तिला फोन न करता मेसेज करून विचारत गेले. आवाज कसा घ्यायचा, तानपुरा खाली कसा लावायचा. एवढं जमलं. मग मी मंगलाष्टकाचं पहिलं कडवं म्हटलं, हेडफोन लावले आणि ऐकलं.

स्वतःचा फोटो वाईट आला तर माणूस तो पुसून टाकतो आणि विसरतो. हे तसं नव्हतं. बेडरूमचं दार लावलेलं, खिडकीला जाड चादर, गाद्यांचा ढीग भिंतीला लावलेला. त्या कोंडलेल्या खोलीत माझा आवाज जसा होता तसा, काही न झाकता, माझ्याच कानात कुणी ओतत होतं. मी हेडफोन काढून पलंगावर उलटे ठेवले. पुन्हा ऐकण्याआधी हात धुतले, का ते माहीत नाही.

मुलीला मी एवढंच लिहिलं की आवाज फार कोरडा येतोय. तिचं उत्तर आलं. "ममी, रिव्हर्ब लाव थोडा. रिव्हर्ब म्हणजे खोलीचा आवाज. आपण बोलतो तो आवाज भिंतींवर आदळून परत येतो ना, तो. सॉफ्टवेअर खोटी खोली करून देतं. पण थोडाच लाव."

त्यातला 'थोडाच' मी वाचला नाही असं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्ब उघडला की गोल बटणांची एक खिडकी समोर येते. पहिल्या दिवशी त्यातलं मला काही समजलं नाही. मी प्रत्येक बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ऐकायला लागले, आणि शाळेतून आल्यावर संध्याकाळपर्यंत तेच करत बसायचे. एक बटण खोलीच्या आकाराचं होतं. डावीकडे नेलं की आपण न्हाणीघरात गातोय, उजवीकडे नेलं की कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात. डिके नावाचं बटण होतं, ते घुमारा किती वेळ टिकायचा ते ठरवायचं. वाढवत गेलं की शब्द संपून गेला तरी त्याची शेपूट हवेत राहायची. डॅम्पिंग मला लगेच समजलं, कारण त्याचा अनुभव होता. माहेरी वेचणीच्या दिवसांत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असायचा, आणि त्या खोलीत बोललं की आवाज मेल्यासारखा यायचा, त्यातला सगळा टोकदारपणा कापूस गिळून टाकायचा. डॅम्पिंग वाढवलं की घुमाऱ्यातला तो टोकदारपणा जायचा. माझ्या आवाजातला वारा टोकदारच होता. मी डॅम्पिंग वाढवलं.

प्री-डिले समजायला वेळ लागला. शब्द उच्चारल्यावर घुमारा किती उशिराने सुरू व्हावा, ते त्यात ठरतं. थोडी फट ठेवली तर शब्द आधी स्वच्छ कानावर पडतो आणि मग खोली त्याच्या मागून येते. फट शून्य केली तर शब्द आणि घुमारा एकमेकांत कालवले जातात, मेण वितळल्यासारखे. ऐकायला बरं काय, ते कुणीही सांगितलं असतं. पण फट ठेवली की माझा आवाज कुठे तुटतो तेही स्वच्छ ऐकू येत होतं. मी फट शून्य केली.

शेवटचं बटण कोरड्या आणि ओल्या आवाजाच्या मिश्रणाचं. एका टोकाला नुसती मी, दुसऱ्या टोकाला नुसती खोली. ते मी हळूहळू ओल्याकडे सरकवत गेले. एका जागी आल्यावर माझा हात थांबला. कानात कुणीतरी एका फार मोठ्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात गात होतं, खूप दूर, आणि त्या बाईचा आवाज कुठेही तुटत नव्हता. वर गेलेला सूर जिथे माझ्या गळ्यात मोडला होता, तिथे आधीच्या सुराची शेपूट येऊन ती जागा भरून काढत होती. मला रडू आलं. पुन्हा पुन्हा ऐकलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी हेडफोनची पिन नीट बसलेली नव्हती. मी रिव्हर्ब बंद करून मूळ आवाज तपासत होते, आणि तो लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडत होता. मला पत्ताच नाही. माझे यजमान एसटीच्या आगारात कामाला आहेत, त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. चहाचे दोन कप घेऊन ते दारात उभे होते.

"कोण गातंय हे?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या मनात काही नव्हतं. ते खरंच विचारत होते. जवळजवळ पंचवीस वर्षांचा संसार, आणि त्यांनी माझा आवाज ओळखला नव्हता.

मी रिव्हर्ब चालू केला. गाभारा आला, दूरची बाई आली.

"हां," ते म्हणाले, "तू होय. आता ओळखू आलं."

कप ठेवून ते गेले. चहाला साय धरेपर्यंत मी तशीच बसून होते. माझ्या तोंडून निघालं ते माझं नव्हतं आणि बटणातून निघालं ते माझं होतं, हे माझ्याच घरात ठरून गेलं होतं. त्यानंतर मी डिके आणखी वाढवला.

लग्न शहाद्याजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं, मुहूर्त दुपारचा. मुलाकडची मंडळी सारंगखेड्याच्या बाजूची, ऊसवाली, भरपूर गोतावळ्याची. हॉल मोठा, वर उंच पत्रा, खाली गुळगुळीत फरशी. आदल्या दिवशी मी पेन ड्राइव्ह साउंडवाल्याकडे पोहोचवला होता आणि भाऊ त्याला म्हणाला होता, "मन्ही बहीणनं गानं शे, जोरमा लाव."

त्या हॉलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या मला समजायला हवं होतं. इतके दिवस मी खोट्या खोल्या करत होते, आणि ही खरी खोली समोर होती. कुणी खुर्ची ओढली तरी तिचा आवाज पत्र्यापर्यंत जाऊन परत येत होता. पण मी साडीच्या निऱ्या सावरत होते, ओळखीच्या बायकांना नुसती मान हलवून हसत होते, बोलायचं टाळत होते.

अंतरपाट धरला. एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला मुंडावळ्या बांधलेली माझी भाची. अक्षता वाटून झाल्या होत्या. भटजींनी हात वर केला आणि साउंडवाल्याने माझं गाणं लावलं.

पहिली ओळ जेमतेम ऐकू आली. दुसरी ओळ सुरू झाली तेव्हा पहिली अजून पत्र्याखाली फिरत होती. मी घातलेला घुमारा, त्याच्यावर हॉलचा घुमारा, आणि साउंडवाल्याने सकाळपासून सूचनांसाठी लावून ठेवलेला एको, तोही चालूच. शब्द म्हणून काही उरलं नाही. एक लांबलचक हंबरडा होता, त्यात मधूनच एखादं अक्षर वर यायचं आणि बुडायचं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

मंगलाष्टकात एकच शब्द सगळ्यांना ऐकू येणं भाग असतं. तो आला की अक्षता टाकायच्या. 'सावधान' आला. आला म्हणजे, 'धान... धान... धान...' असा पत्र्यावरून घरंगळत आला. पुढच्या रांगेने पहिल्या 'धान'ला अक्षता टाकल्या, मागच्यांनी तिसऱ्याला, आणि बाजूला उभ्या असलेल्यांनी टाकाव्या की नाही या विचारात मुठी तशाच धरून ठेवल्या. पुढचं कडवं सुरू झालं तरी अक्षता पडतच होत्या. मुलाकडचा एक पाहुणा मोठ्याने म्हणाला, "कोन म्हनी ऱ्हायनं हाई? विहीरमा पडेल शे का?"

हशा झाला. तोही घुमला.

माझे कान तापले. मी अंतरपाटाच्या जवळच उभी होते, सगळ्यांना दिसेल अशी. ज्यांना माहीत होतं की हे मीच म्हटलंय, ते माझ्याकडे बघत नव्हते. तेच जास्त लागलं.

भटजींनी साउंडवाल्याला हात दाखवला. "बंद करा ते! मुहूर्त टळतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही इथेच आहात ना? मग तोंडाने म्हणा."

भावाने माइक आणून माझ्या हातात दिला. माझ्या आवाजाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर मी माहेरी दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा सर्दीचं निमित्त सांगून गप्प बसले होते. अंतरपाटापलीकडून भाची हळूच म्हणाली, "म्हन ना, फुई."

साउंडवाला माझ्याकडे बघत होता. त्याच्या बोटाखालचं एकोचं बटण मला दिसत होतं. ते वर नेलं की काय होतं आणि खाली आणलं की काय होतं, हे मला आता पुरतं माहीत होतं. वर नेऊन घ्यावं असं फार वाटलं. पण अक्षता टाकणाऱ्यांना शब्द ऐकू आला पाहिजे, लग्न लागलं पाहिजे. मी त्याला म्हटलं, "एको पूर्ण बंद करा."

एवढं वाक्य माइकमधून गेलं तेव्हाच हॉल गप्प झाला. बाईच्या साडीतून पुरुषाचा आवाज आल्यासारखे लोक बघत राहिले.

मी म्हणायला लागले. पहिली ओळ खालच्या सुरात निघाली. दुसऱ्या ओळीत मुलाच्या गावाचं नाव होतं, ते मी वरच्या सुरात बांधलं होतं, जुना गळा धरून. तिथे आवाज तुटला. नुसता श्वास माइकमधून गेला. मी थांबले, पदराने ओठ पुसले आणि ती ओळ गायची सोडून बोलल्यासारखी म्हटली. पुढची सगळी कडवी मी तशीच म्हटली, अर्धी गाऊन, अर्धी बोलून. 'सावधान' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम अक्षता टाकल्या. अंतरपाट निघाला, वाजंत्री सुरू झाली, लग्न लागलं.

कौतुक कुणी केलं नाही, आणि करण्यासारखं काही नव्हतं. मुलाकडच्या एका बाईने पर्समधून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "बरं नाही का वाटत?" शाळेतल्या दोन सहकारी आल्या होत्या, त्या जेवणाच्या रांगेत माझ्यापासून जरा लांब उभ्या राहिल्या. मला अवघडायला नको म्हणून असेल. मी जेवले नाही. नवरीच्या बॅगा ठेवलेल्या खोलीत जाऊन आहेराच्या साड्यांशेजारी बसले.

थोड्या वेळाने माझी आई तिथे आली. ती कळसाडीला भावाकडे असते. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, ती बॅगांवरच टेकली.

"आवाज कवय गया तुन्हा?" तिने विचारलं. कधी गेला, एवढंच.

"ऑपरेशन झालं तेव्हापासून."

"म्हनीसन तू फोन करस नही?"

मी मान हलवली; म्हणूनच करत नव्हते.

बाहेर पंगतीत आग्रह चालला होता. मग ती म्हणाली, "माले वाटनं, तू मन्हावर रुसेल शे. मन्हं काय चुकनं, काय चुकनं, तेच मी इचार करू." पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. माझ्यासमोर ती अशी कधी रडली नव्हती.

हॉलमध्ये शेकडो माणसांसमोर आवाज तुटला होता, त्याची लाज त्या खोलीत एकदम लहान झाली. तिच्या जागी जी आली ती अजून गेलेली नाही. सर्दीचं निमित्त भाचीला पुरलं असेल. आई मात्र रोज संध्याकाळी फोन शेजारी ठेवून आपली चूक शोधत होती. मी तिचा हात धरला. "रुसले नाही गं," एवढंच म्हणाले. तेही खरखरीतच निघालं.

लग्नानंतर भाचीने व्हिडिओवाल्याचा नंबर पाठवला. लग्नाच्या फिल्ममध्ये मंगलाष्टकं कुठली घालायची, ते फुईला विचार, असं तिने त्याला सांगितलं होतं. त्याच्याकडे दोन्ही होती, माझी रेकॉर्ड केलेली आणि माइकवर म्हटलेली. मी त्याच्या दुकानात गेले. रेकॉर्ड केलेल्या गाण्याचं, हॉलचा घुमारा नसलेलं, मूळ कोरडं रेकॉर्डिंग मिळालं तर तो ते फिल्मवर नीट बसवून देणार होता. पण मी पोहोचायच्या आधीच भाचीचा दुसरा मेसेज त्याच्या फोनवर आला होता. तो त्याने मला दाखवला. "लग्न ज्या मंगलाष्टकांवर लागलं तीच हवीत. फुई नाही म्हणाली तरी."

मग त्याने माइकवरचं रेकॉर्डिंग लावलं. माझ्यासमोर, मोठ्या स्पीकरवर, दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना. एको बंद केल्यामुळे शब्द स्वच्छ होते. बाकीचंही सगळं स्वच्छ होतं. मी टेबलाकडे बघत राहिले.

"मॅडम, फार उघडं वाटतंय," तो म्हणाला. "रिव्हर्ब टाकू थोडा?"

"छोटी खोली घ्या," मी म्हटलं. "डिके कमी. थोडा प्री-डिले ठेवा, शब्द आधी आला पाहिजे."

त्याने तसं केलं. कडव्याच्या शेवटी एक हलकीशी खोली उभी राहिली, चार माणसं बसतील एवढी. गावाच्या नावापाशी आवाज तुटला तो तसाच राहिला. त्या जागी त्याचं बोट मिश्रणाच्या बटणाकडे गेलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. म्हणताना मान वर केली नाही, कारण गिऱ्हाइकं अजून तिथेच होती.

फिल्म आली तेव्हा भावाकडे सगळे जमून बसले. मंगलाष्टकांची वेळ आली तशी मी भाजी निवडायची म्हणून उठले. मागल्या दारी मेथीची जुडी घेऊन बसले, आणि आतून येणारा तो आवाज पूर्ण ऐकला. बैठकीत कुणी हसलं नाही. आई तेवढी मधेच कुणालातरी म्हणाली, "गप ऱ्हाय, मन्ही पोर म्हनी ऱ्हायनी."